ज्याने रस्ता मोकळा केला, त्याच्याच मुलाविरुद्ध तक्रार

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. माझ्याकडे तीन ग्रामीण शाळा आहेत. एकीहून दुसरीकडे जायला मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून पाऊण तास गाडी हाकावी लागते. खालचं प्रकरण २०२० ते २०२३ या काळातलं. कुटुंबातल्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. या प्रकरणात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्याही लिहिल्या आहेत. समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना त्यांचाच जास्त उपयोग होईल.

पार्श्वभूमी

वडील गोरे, इथल्याच मातीतले. त्यांच्या पणजोबांनी घेतलेली जमीन अजून घरातच आहे. आई चीनच्या शानडोंग प्रांतातली. एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात शिकायला आली, तिथे दोघांची ओळख झाली आणि लग्न करून ती डे मॉइन शहरात राहिली. आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि शेत बघायला कोणी उरलं नाही, म्हणून २०१७ मध्ये हे कुटुंब गावी परतलं. मुलं दोन. मी त्यांना मोठी आणि धाकटा म्हणेन. प्रकरण सुरू झालं तेव्हा मोठी बारा वर्षांची होती, धाकटा सात.

मोठी आईवर गेली आहे आणि धाकटा बापावर: भुरे केस, फिकट डोळे. सांगितल्याशिवाय ही सख्खी भावंडं आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे जे झालं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर फिरतं.

शाळेत नाव घालताना वडिलांनी दोघांच्याही अर्जावर वंशाच्या रकान्यात फक्त ‘गोरा’ या शब्दासमोर खूण केली होती. अमेरिकेच्या जनगणनेत २००० सालापासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते आणि आमच्या शाळेच्या अर्जातही ती सोय आहे. पण “उगाच वेगळं कशाला पडायचं,” असं त्यांना वाटलं. तिकडे चीनमधली आजी व्हिडिओ कॉलवर दोघांना कौतुकाने ‘हुन्श्वेअर’ म्हणायची, म्हणजे मिश्र रक्ताचं मूल. त्या हाकेत मायाच होती, पण मोठीला ती आवडत नसे. पलीकडच्या मामेभावंडांना आजी नावाने हाक मारते, हे तिने बरोबर टिपलं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग २०१८ चा जुलै आला. अमेरिकेने चिनी मालावर कर लावला आणि चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर बसवला. तोवर अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन घेत होता. दहा डॉलरच्या वर असलेला बुशेलचा (सुमारे २७ किलोचा) भाव काही आठवड्यांत साडेआठच्या आसपास आला. सोयाबीनचा भाव असा कोसळला की गावात काय वातावरण होतं, हे लातूर-वाशीमच्या माणसाला मी सांगायला नको. सहकारी संस्थेच्या गोदामात माप घालायला गेलेल्या या मुलांच्या आईला एकाने विचारलं, “तुमच्या लोकांना काय पाहिजे आहे नेमकं?” तिच्या घरचं सोयाबीनही त्याच भावाने गेलं होतं. तिने हसून विषय बदलला. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “त्याचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस.”

वादळ

१० ऑगस्ट २०२० ला आयोवात डेरेचो प्रकारचं, सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्याचं वादळ आलं. काही ठिकाणी वाऱ्याचा वेग ताशी २२५ किलोमीटरच्या घरात गेला असावा, असा हवामान खात्याचा अंदाज आहे. लाखो एकर मका आडवा झाला. या कुटुंबाची धान्य साठवायची पत्र्याची टाकी चुरगळून शेजारच्या शेतात जाऊन पडली आणि घराकडे येणाऱ्या वाटेवर तीन जुनी झाडं कोसळली. आजोबा आत होते, त्यांची औषधं संपत आली होती, वीज नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पलीकडच्या शेतातले शेजारी आपला चौदा वर्षांचा मुलगा घेऊन आले. बापलेकांनी दोन करवती लावून दुपारपर्यंत झाडं कापली आणि वाट मोकळी करून दिली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. आईने त्यांना अंड्याचा भात करून वाढला, तो त्यांनी उभ्याउभ्याच संपवला. शरदात याच शेजाऱ्यांनी आपलं कापणीचं यंत्र आणून यांचं उरलंसुरलं पीकही काढून दिलं.

ही हकीकत मी मुद्दाम एवढी सविस्तर सांगते आहे. महिन्याभराने बसमध्ये मोठीला छळणाऱ्या मुलांत हा चौदा वर्षांचा मुलगा होता.

नेमकं काय घडत होतं

इथे गावोगावची मुलं एकाच पिवळ्या बसने येतात, बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी एकत्र. यांच्या घरापासून शाळा एकोणीस किलोमीटर, बसला पाऊण तास. शाळा ऑगस्टच्या अखेरीस उघडली. मागच्या बाकांवर बसणाऱ्या तीन मुलांनी मोठी बसमध्ये चढली की ‘कुंग फ्लू’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे ‘कुंग फू’ आणि ‘फ्लू’ जोडून कोविडवरून चिनी लोकांना मारलेला टोमणा. हा शब्द त्यांनी शोधला नव्हता. त्याच जूनमध्ये तो राष्ट्राध्यक्षांच्या जाहीर सभेत वाजला होता. मग ती बसायच्या आधी सीटवर सॅनिटायझर फवारणं सुरू झालं, इतकं की तिच्या पँटची मागची बाजू ओली व्हायची. ती शाळेत पोचली की पहिला तास जॅकेट कमरेला बांधून बसायची.

धाकटा त्याच बसमध्ये असायचा. तो चालकाच्या मागच्या पहिल्या बाकावर बसायचा आणि मागे वळून बघायचा नाही. ऑक्टोबरमध्ये एका नव्या मुलाने त्याला विचारलं, “ती तुझी बहीण का?” तो म्हणाला, “नाही.” मोठीने हे ऐकलं. घरी तिने कोणालाही काही सांगितलं नाही. फक्त डब्यात भात-भाजी नको, सँडविच दे, असं आईला सांगितलं आणि किराणा दुकानात आई मँडरिनमध्ये बोलली की ती इंग्रजीत उत्तर देऊ लागली.

मला हे कळलं ते वर्गशिक्षिकेमुळे. ऑक्टोबर निम्मा उलटला होता आणि रोज जॅकेट कमरेला का, असा प्रश्न तिला पडला.

समोर असलेले पर्याय

आईवडील आणि मी शाळेच्या ग्रंथालयात मास्क लावून बसलो. वडिलांचं पहिलं वाक्य होतं, “या लोकांबरोबर मी लहानाचा मोठा झालोय.” आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्या दारातली झाडं त्यांनी कापली.” त्या दिवशी पुढची सगळी चर्चा या वाक्याच्या छायेत झाली.

सर्वांत सोपा पर्याय होता बस सोडून देण्याचा: आईने रोज गाडीने सोडायचं आणि आणायचं. दुसरा, आजोबांच्या शब्दाला गावात मान आहे, तर त्यांनी शेजाऱ्यांशी चार शब्द बोलून बघायचे. तिसरा, लेखी तक्रार. आयोवात २००७ पासून शाळेतल्या छळवणुकीविरुद्ध कायदा आहे. वंश आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून होणारा छळ त्यात तेव्हा नाव घेऊन नोंदवलेला होता, आणि लेखी तक्रार आली की शाळेला चौकशी करावीच लागते. चौथा, थेट केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाणं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली, घटनेपासून १८० दिवसांच्या आत, ते करता येतं. आणि पाचवा, शेजारच्या जिल्ह्यात नाव घालणं. तिथे मांस प्रक्रियेचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे वर्गात लॅटिनो, लाओशियन, आफ्रिकी अशी सगळी मुलं आहेत.

डे मॉइनला परत जायचा विचार आईने बोलून दाखवला आणि लगेच मागेही घेतला. आजोबांना कोण बघणार?

मी लेखी तक्रारीची माहिती दिली, पण आग्रह धरला नाही. कुटुंबाचा निर्णय कुटुंबाने घ्यावा, हे आमच्या शिक्षणात पक्कं बसवलेलं असतं. आज वाटतं की मी त्या तत्त्वामागे लपले. शाळेच्या कर्मचारी म्हणून मला आणि वर्गशिक्षिकेला छळाची माहिती मिळालेली होती. चौकशी सुरू करायला आईवडिलांच्या सहीची वाट बघायची काहीच गरज नव्हती. ओझं आमचं होतं आणि ते मी, उपकाराखाली आधीच वाकलेल्या माणसांच्या खांद्यावर ठेवलं.

ठरलं ते असं: आजोबा बोलतील.

पहिला प्रयत्न आणि त्याचा परिणाम

आजोबा बोलले. गोदामाच्या बाहेर, ट्रकच्या खिडकीतून, दोन मिनिटं. शेजारी शरमले, “पोराला सांगतो,” म्हणाले, आणि त्यांनी खरंच सांगितलं. शब्द थांबले, सॅनिटायझर थांबलं.

त्याऐवजी मुलं खोकू लागली. मोठी पायरी चढली की एकजण खोकायचा, मग दुसरा, मग तिसरा, ती जागेवर बसेपर्यंत. कोविडच्या हिवाळ्यात बस चालकाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. मोठीने मला विचारलं, “खोकल्याची तक्रार करता येते का?” मी तिला “लिहून ठेव, तारखेसह,” असं सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली: तारीख, कोण, किती वेळा. नाताळपर्यंत ते पान भरलं होतं.

बसमध्ये कॅमेरा असतो. ते चित्रीकरण काही आठवड्यांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, हे मला माहीत होतं. तरी ‘अजून तक्रार कुठे आहे’ म्हणून मी ते राखून ठेवायला सांगितलं नाही. सप्टेंबरातलं सॅनिटायझर असंच पुसलं गेलं.

माझी सर्वांत मोठी चूक

जानेवारीत मी आईला सुचवलं की १२ फेब्रुवारीला चिनी नववर्ष आहे, तर तुम्ही सहावीच्या वर्गात येऊन काही दाखवाल का? माझा हेतू चांगला होता. मुलांना माहिती झाली की भीती जाते, असं मी मानत होते. शाळेच्या व्यवस्थापन मंडळातल्या एका सदस्यांनाही कल्पना आवडली. ते म्हणाले, आमच्या राज्याला या बाबतीत कोणी शिकवायला नको, मस्कटीनच्या बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय सुझन क्लार्कला १८६८ मध्येच आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांच्या शाळेत बसवलं आहे. हे खरं आहे, आणि राज्याला अभिमान वाटावा असंच आहे. तो निकाल, शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाआधी ८६ वर्षं लागला होता. पण आमच्या बसमधली मुलगीही बाराच वर्षांची होती, आणि तिची चौकशी अजून सुरूही झाली नव्हती. मला हे त्या बैठकीत बोलायला हवं होतं. मी मान डोलावली.

आई आली. चिनी कालगणनेत ते बैलाचं वर्ष होतं. तिने लाल कागदाची घडी घालून कात्रीने बैल कसा कापायचा ते दाखवलं. शेतावरची मुलं, त्यांना बैल आवडला, शिंगं आखूड की लांब यावर वाद झाला. तो तास खरोखर छान गेला. मोठी खिडकीजवळ बसून सगळा वेळ आपल्या बुटांकडे बघत होती.

त्यानंतरच्या शाळेच्या दिवशी संध्याकाळी बस साफ करताना चालकाला मागच्या बाकांखाली लाल कागदाचे तुकडे सापडले, बर्फाचा चिखल लागून जमिनीला चिकटलेले. त्यातला एक बैल मोठीच्या पाठीवर टेपने चिकटवलेला होता, आणि त्यावर काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ती तशीच बसमधून उतरून घरापर्यंत चालत गेली. आईने जॅकेट काढताना तो कागद पाहिला. स्वतःच्या हाताने कापून दाखवलेला तोच बैल.

छळ चालू असताना, तो थांबवायच्या आधी, ज्यांना त्रास होतो आहे त्यांनाच मी शिकवायला उभं केलं. मुलीने आधीच “आईला बोलावू नका” म्हटलं असतं, पण मी तिला विचारलंच नव्हतं.

तक्रार

तरीही तक्रारीवर सही झाली नाही. वडील दोन वेळा अर्ज घेऊन गेले आणि कोराच परत घेऊन आले. मार्चमध्ये पेरणीचं नियोजन सुरू होतं आणि शरदात त्याच शेजाऱ्यांचं यंत्र लागणार होतं.

१६ मार्च २०२१ ला जॉर्जियात अटलांटा आणि आसपासच्या मसाज पार्लरमध्ये आठ जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्या रात्री आईने नवऱ्याला गोठ्याच्या फाटकाला कुलूप लावायला सांगितलं. त्या घरात गोठ्याला कधीच कुलूप नव्हतं, घरात कुलूपच सापडेना. वडिलांनी मला नंतर सांगितलं की हत्यारांच्या फळीवर टॉर्च मारून ते कुलूप शोधत होते, तेव्हा पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण आणि आपली बायको एकाच गावात राहत नाही.

दोन दिवसांनी अर्ज भरून आला. सोबत मोठीच्या वहीची मागची पानं जोडली होती. आईने अर्जात एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: शेजाऱ्यांनी आमच्यासाठी जे केलं ते आम्ही विसरलेलो नाही.

काय झालं

चौकशी तीन आठवडे चालली. फेब्रुवारीच्या अखेरपासूनचं चित्रीकरण शिल्लक होतं, त्यात खोकण्याचा क्रम रोजच्या रोज दिसत होता. वहीतल्या तारखा त्याच्याशी जुळल्या. दोन मुलांविरुद्ध छळ सिद्ध झाला, त्यातला एक शेजाऱ्यांचा. त्यांना काही दिवस बसमधून बंद केलं, नंतर जागा ठरवून दिल्या आणि वर्ष संपेपर्यंत बसमध्ये एक मोठं माणूस बसू लागलं. त्या मुलांबरोबर मी आठ वेळा बसले. शेजाऱ्यांचा मुलगा चौथ्या वेळी म्हणाला, “वादळात मी त्यांच्यासाठी काम केलं होतं, मग मी वाईट कसा?” मी त्याला सांगितलं की झाडं तूच कापलीस आणि बसमध्येही तूच होतास, दोन्ही खरं आहे. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. एप्रिलमध्ये त्याने मोठीला पत्र लिहिलं. तिने ते घेतलं, पण उत्तर दिलं नाही. उत्तर द्यावं असं मी तिला एकदाही सुचवलं नाही, आणि या प्रकरणात मी बरोबर केलेल्या मोजक्या गोष्टींत ती एक आहे.

किंमत मोजावी लागली. आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून ओळख देतात, ओळख असो वा नसो. शेजाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात बोटं उचलली नाहीत. शरदात त्यांचं यंत्र आलं नाही. भाड्याने कापणी करून घ्यावी लागली, आणि वाट पाहावी लागल्याने काही शेंगा शेतातच फुटल्या. चर्चमधल्या दोन कुटुंबांनी आजोबांशी बोलणं कमी केलं. उलट, जिच्याशी पूर्वी जेमतेम ओळख होती अशी एक शेतकरी बाई आईला बियाण्यांच्या यादीच्या निमित्ताने भेटायला आली आणि जाताना म्हणाली, “मला बसमधलं माहीत होतं. माझ्या मुलीने सांगितलं होतं.” आईला त्या कबुलीचा राग आला, आणि तरी ती बाई आज तिची गावातली सर्वांत जवळची मैत्रीण आहे.

२०२२ च्या वसंतात शेजारी पहिल्यांदा बोलले. बांधावर, पाण्याच्या निचऱ्याच्या नळीबद्दल. तक्रारीचा विषय दोन्हीकडून निघाला नाही. मोठीने नववीसाठी कारखान्याच्या गावातली शाळा निवडली. तो निर्णय तिचा एकटीचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

माहिती मिळाली त्याच दिवशी मी शाळेच्या वतीने नोंद करायला हवी होती आणि बसचं चित्रीकरण बाजूला काढायला सांगायला हवं होतं. आजोबांनी बोलण्यात गैर काही नव्हतं, पण ते चौकशीच्या जोडीने व्हायला हवं होतं, तिच्याऐवजी नाही. गावात मदत करणारा आणि त्रास देणारा एकाच घरातला असू शकतो. अशा वेळी शाळेने तक्रार स्वतःच्या नावावर घेतली, तर कुटुंबाला कृतघ्न ठरवणं अवघड जातं. आता त्या शाळेत कर्मचाऱ्याने नोंद केली की चौकशी सुरू होते आणि चित्रीकरण त्याच दिवशी राखून ठेवतात.

आणि धाकटा. त्या सगळ्या वर्षात मी मोठीला सतरा वेळा भेटले आणि धाकट्याला एकदा, तेही दहा मिनिटं. त्याच्या नावावर तक्रार नव्हती, त्याला कोणी काही म्हणत नव्हतं, त्याच्या अर्जावर ‘गोरा’ लिहिलं होतं. पहिल्या बाकावर मान ताठ ठेवून तो रोज पाऊण तास काय ऐकत होता, हे मी विचारलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला त्याचं पोट दर सोमवारी सकाळी दुखतं म्हणून आई माझ्याकडे आली. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून तो मंगळवारी माझ्याकडे येतो. बहिणीचा विषय तो काढत नाही, मीही घाई करत नाही. बहुतेक वेळा तो वासरांबद्दल बोलतो. मागच्या वेळी जाताना दारात थांबून त्याने विचारलं, “ती वही तिने अजून ठेवली आहे का?”